गतविजेत्यांचा जिना

सासऱ्यांना जिना झाडायचा होता. जर्मनीत झिंडेलफिंगेनला आमच्याकडे आल्यापासून त्यांनी एवढी एकच गोष्ट मागितली होती आणि माझ्या नवऱ्याने तिला साफ नकार दिला होता.

आमच्या इमारतीत दोनच बिऱ्हाडं. वर कार कारखान्यातून निवृत्त झालेले शेजारी एकटे राहतात, खाली आम्ही. जिना एक आठवडा त्यांनी झाडून पुसायचा, एक आठवडा आम्ही. या पाळीला इथे केअरवॉखे म्हणतात. ज्याची पाळी, त्याच्या दाराला लाकडी पाटी लटकते. आमची पाळी आली की नवरा शनिवारी घाईघाईने झाडू फिरवायचा.

सासरे कोल्हापूरच्या बस डेपोत फोरमन होते. इथे त्यांच्या हातात टीव्हीचा रिमोट आला.

"बाबा, तुम्ही बसा," नवरा म्हणायचा.

"बसून बसून माझा गणपती झालाय. आता विसर्जन तेवढं बाकी आहे."

"लोक काय म्हणतील? म्हाताऱ्या बापाला जिना झाडायला लावलं."

"कोण लोक? वर एक म्हातारा राहतो. तो स्वतःच झाडतो की."

वरच्या म्हाताऱ्याशी त्यांची मैत्री झाली ती मागच्या अंगणातल्या बाकावर. दोघांचंही इंग्रजी मोडकं असल्याने कोणी कोणाला हसत नसे. शेजाऱ्यांना फुटबॉलचं वेड होतं. सासरे कोल्हापूरचे. पेठेच्या संघासाठी शेजारच्या पेठेशी बोलणं टाकलेल्या गावातले. तेव्हा एकदा त्यांनीच तोडगा काढला: फुटबॉलवर पैज लावायची आणि हरेल त्याने पुढचा आठवडा जिना झाडायचा.

"पैजेत हरल्यावर झाडावंच लागतं," त्यांनी मुलाला सुनावलं. "त्यात कसली लाज?"

नवरा तयार झाला. त्याचा शनिवारही मोकळा होत होता.

अडचण एकच होती. उन्हाळा होता आणि इथली लीग संपली होती. यावर शेजाऱ्यांनी सुचवलं की एखादा जुना सीझन घेऊ. इंग्लंडचा, दोन महायुद्धांच्या मधला. जर्मन नाही, भारतीय नाही, म्हणजे तटस्थ मैदान. नेमका कोणता सीझन, तेही त्यांनीच सांगितलं. निकाल जुन्या वर्तमानपत्रांतून शोधून दर शनिवारी एकेका महिन्याचे वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं, कारण पुण्यात मी दैनिकाच्या क्रीडा विभागात होते. निकाल आधी बघायचे नाहीत, असं ठरलं.

संघ निवडायच्या वेळी सासऱ्यांनी कमालीचं सौजन्य दाखवलं. "मी पाहुणा. मान तुमचा. आदल्या वर्षीचे विजेते तुम्ही घ्या."

शेजाऱ्यांनी दोनदा नको म्हटलं आणि तिसऱ्यांदा घेतले. सासऱ्यांनी नुकताच वरच्या वर्गात चढलेला एक संघ घेतला आणि घरात येऊन मला म्हणाले, "सूनबाई, नवीन झाडू आणून ठेव."

पहिल्या महिन्यात गतविजेते मागे पडले. दुसऱ्यातही. सासऱ्यांचा संघ धडपडत होता, पण विजेत्यांची धडपड त्याहून वाईट होती. गंमत म्हणजे ते गोल धो धो करायचे. एका शनिवारी समोरच्यांचा धुव्वा, पुढच्या शनिवारी स्वतःचा. शेजारी महिन्याचा निकाल ऐकायचे, मान हलवायचे, "या, या", म्हणजे जर्मनमध्ये "हो, हो", म्हणायचे आणि बादली घेऊन जिन्यावर जायचे. सासरे दाराच्या भिंगातून बघत राहायचे.

"हे कसले विजेते?" ते चिडायचे. "आमच्या गल्लीतली पोरं बरी. सूनबाई, जरा पुढचा महिना बघ ना. कधी सुधारतात?"

"बाबा, छपाईआधी बातमी फुटत नाही."

"मोठी आली संपादक."

त्या सीझनच्या हिवाळ्यातला एक महिना मात्र विजेत्यांनी बरा काढला. आठवडाभर सासऱ्यांना जिना मिळाला. त्यांनी डेपोतली बस धुवावी तसा तो धुतला. त्याच दुपारी शेजारी खाली आले, कठड्याखालून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि सगळा जिना पुन्हा झाडला. सासऱ्यांनी जेवताना भाकरीचे तुकडे जरा जोरात मोडले.

शेवटच्या शनिवारी महिना नव्हता, सबंध सीझनचा अंतिम तक्ता होता. ज्याचा संघ तक्त्यात खाली, त्याने सासऱ्यांच्या परतीच्या विमानाच्या दिवसापर्यंत जिना झाडायचा. मी कॉम्प्युटर उघडला, शेजारी खुर्चीत टेकले आणि सासरे चपला सरळ करायला म्हणून दाराशी गेले. बाहेर, आमच्याच उंबऱ्यापाशी, शेजाऱ्यांची बादली होती. पाण्याला वाफ येत होती.

निकाल अजून वाचायचा होता. पाणी मात्र तापून आलं होतं.

सासऱ्यांनी एकदा बादलीकडे पाहिलं, एकदा खुर्चीकडे, आणि दार लावून शांतपणे येऊन बसले.

"नियम थोडा बदलू," ते म्हणाले. "आज जिंकेल त्याने झाडायचं."

शेजारी ताठ झाले. "मध्येच नियम बदलत नाहीत."

"का हो? तुमचे विजेते आहेत. हरायची भीती तुम्हाला कशाला?"

शेजाऱ्यांकडे कारण होतं, पण सांगण्यासारखं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तक्त्याकडे पाहिलं.

"आल्झो," सासरे म्हणाले. "तर मग" अशा अर्थाचा हा जर्मन शब्द त्यांनी बाकावर कमावला होता.

मी वाचलं. गतविजेत्यांनी त्या सीझनमध्ये वर्गात सगळ्यांत जास्त गोल केले होते आणि तरीही ते खालच्या वर्गात ढकलले गेले होते. सासऱ्यांचा संघ वर टिकून होता.

"तुम्हाला माहीत होतं," नवरा शेजाऱ्यांना म्हणाला.

"प्रत्येकाला माहीत आहे," शेजारी म्हणाले. "ज्याला फुटबॉल कळतो त्या प्रत्येकाला." मग जिन्याकडे बोट करत: "तुम्ही लोक कोपरे सोडता."

सासऱ्यांनी उठून झाडू घेतला आणि बादली उचलली. पाणी अजून गरम होतं, त्याबद्दल त्यांनी रीतसर आभार मानले. शेजारी वरच्या पायरीवर हाताची घडी घालून उभे राहिले.

"कोपरा," ते वरून म्हणाले.

"दिसतोय."

"कठड्याखाली."

"अहो, चाळीस वर्षं बसगाड्या धुतल्यात!"

हे सासरे मराठीत म्हणाले, पण शेजारी एक पायरी मागे सरकले.

संध्याकाळी जिन्यावर पुन्हा खरखर ऐकू आली. सासरे भिंगाला डोळा लावून उभे होते. "तोच आहे," ते कुजबुजले. "परत झाडतोय. सूनबाई, उद्या सहाचा गजर लाव. त्याच्याआधी उठतो."