निळी गाडी आणि कडेचा ठोका

दीना सिस्टरांनी एकसष्टाव्या वर्षी जोरात पळणारी विजेवरची गाडी घ्यायचं काढलंय, ही बातमी चर्चमध्ये त्यांच्या आधी पोचली. रविवारची उपासना संपली, मंडळी पायऱ्यांवर रेंगाळली आणि एंजेलाबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "काय गं दीना, शर्यतीत उतरणार आहेस म्हणे?"

"उतरेन की. बाजूला बसायला कुणी असेल तर."

हशा झाला. मग जो तो आपापल्या माणसांना घेऊन घराकडे गेला. एप्रिलचं ऊन होतं. दीना सिस्टर छत्री उघडून एकट्याच नगरच्या लांबलचक रस्त्याने चालत निघाल्या.

अकोले तालुक्याच्या डोंगरात मिशनच्या फिरत्या दवाखान्यात त्या नर्स होत्या. ड्रायव्हर नोकरी सोडून गेला, दुसरा टिकेना, तेव्हा आठ दिवसांपुरतं म्हणून त्यांनी जीपचं स्टेअरिंग हातात घेतलं. ते आठ दिवस बावीस वर्षं चालले. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या पाडे-वस्त्या, ओढ्यातून जाणारा रस्ता, दरडीखालची वळणं, सगळं त्यांच्या तळहातांना पाठ होतं. नर्स म्हणून मिळालेली बक्षिसं त्यांनी कधी भिंतीवर लावली नाहीत. घाटात एकदाही गाडी मागे घसरू दिली नाही, हे मात्र त्या न विचारताही सांगायच्या.

बाजूच्या सीटवर आक्काबाई असायची. दवाखान्याची मदतनीस. सकाळी जीपजवळ भेटली की ती "जय भीम, सिस्टर" म्हणायची, या "सलाम, आक्का" म्हणायच्या आणि दिवस सुरू व्हायचा. पावसाळ्यात त्या रस्त्यांवर धुकं उतरलं की उजवीकडे बसलेल्या ड्रायव्हरला डावी कड दिसत नाही. मग आक्काबाई खिडकीतून अर्धी बाहेर झुकून कड बघायची. बोलून उपयोग नसे, इंजिनाच्या घरघरीत शेजारच्या माणसाचा शब्द कळत नसे. म्हणून तिने ठोके ठरवले होते. बोटांच्या पेरांनी दाराच्या पत्र्यावर एक ठोका, म्हणजे कड लांब आहे, चल. दोन, म्हणजे जवळ आली. आणि तळहाताची थाप पडली की जागच्या जागी थांब. बावीस वर्षांत थाप तीनदा पडली. तिन्ही वेळा खाली उतरून पाहिलं, तर कड चाकापासून वीतभर होती.

एकदा चढाला पर्यटकांची एक लांबुडकी गाडी त्यांना मागे टाकून सपकन गेली. आक्काबाई तिच्याकडे बघतच राहिली.

"सिस्टर, आपली ही गाडी हाय का म्हस? बसली की उठंना."

"म्हैस दूध तरी देते."

"रिटायर झाल्यावं तशी एक घ्या. मी बसते बाजूला. लई पळवा."

"घेते," दीना सिस्टर म्हणाल्या होत्या.

आधीच्या जीपसारखी दुसरीही जीप पंधरा वर्षं भरली म्हणून भंगारात गेली. सिस्टर निवृत्त होऊन नगरला आल्या. दोन वर्षांपूर्वी आक्काबाई साध्या तापाचं निमित्त होऊन गेली. जीप गेल्यापासून सिस्टरांच्या हातात स्टेअरिंग आलं नव्हतं. लग्न केलं नव्हतं, भाऊ-भावजय राहिले नव्हते. पुण्याला एक भाचा होता, जस्टिन. बायपासला वडिलांची जमीन गेली, तिचा मोबदला बँकेत नुसता पडून होता. ज्याच्यावर खर्च करावा असं माणूस घरात नव्हतं.

गाडीची निवड जानेवारीपासून चार महिने चालली. संध्याकाळी एका माणसापुरती भाकरी थापताना त्या मोबाईल डब्याला टेकवून गाड्यांची परीक्षणं लावायच्या. कुणी पोरगा बॅटरीबद्दल बोलायचा, कुणी मोटरींबद्दल. शेजारून टीव्हीचा आवाज यायचा तसा त्यांच्याही घरातून आता माणसांचा आवाज येऊ लागला. कुठली गाडी किती सेकंदांत शंभराचा वेग गाठते, कुठली वळणात कलते, कुठलीचं वजन किती, त्यांना तोंडपाठ झालं. जस्टिन फोनवर म्हणायचा, "आत्या, आता ठरव ना. किती बघशील?" त्या म्हणायच्या, "बघते अजून." ठरवलं असतं, तर तो आवाज बंद झाला असता.

शेवटी जस्टिनच एका शनिवारी आला आणि त्यांना शोरूममध्ये घेऊन गेला. त्याच्या मनात एक उंच, पांढरी गाडी भरली होती. तिथली दिपाली नावाची मुलगी फाईल घेऊन पुढे आली आणि सगळी माहिती जस्टिनकडे बघून सांगू लागली.

"गाडी मला घ्यायचीय," सिस्टर म्हणाल्या.

दिपालीने फाईल त्यांच्याकडे वळवली. "सॉरी मॅडम. बहुतेक वेळा असंच असतं ना."

चक्कर मारायला त्या पांढऱ्या गाडीत बसल्या बसल्या सिस्टरांच्या डाव्या पायाने घोटाळा केला. या गाडीला क्लच नव्हता, आणि बावीस वर्षं क्लच दाबलेला पाय तो शोधत गेला. वेग कमी करायच्या वेळी त्याने क्लच समजून ब्रेकच पूर्ण दाबला. मागच्या सीटवरची दिपाली पुढे आदळली आणि फाईलमधले कागद समोरच्या काचेपर्यंत उडाले.

"ब्रेक चांगले आहेत," सिस्टर म्हणाल्या.

दिपाली कपाळ चोळत हसली. मग त्यांनी डावा पाय मागे दुमडून घेतला आणि बायपासला गाडी मोकळी सोडली. पाठ सीटमध्ये रुतली, जस्टिन लहान मुलासारखा ओरडला. वेग होता, भरपूर होता. पण स्टेअरिंग लोण्यातून फिरवावं तसं फिरत होतं. खाली डांबर आहे की खडी, काही कळत नव्हतं. स्टेअरिंग हातात होतं, रस्ता हातात नव्हता.

"आत्या, ही आपापली लेनमध्ये राहते. पुढची गाडी थांबली की ही थांबते. तू फक्त बसायचं."

"बसायला घरी खुर्ची आहे."

"अगं, आता तुझं वय..."

"जस्टिन, ही माझी शेवटची गाडी. सगळं हिनंच करायचं, तर मी हिच्यात काय करू?"

  संध्याकाळी जस्टिन पुण्याला परत गेला.

सोमवारी सिस्टर एकट्याच शोरूममध्ये गेल्या. कोपऱ्यात एक बुटकी निळी गाडी उभी होती. फारशी खपत नाही, दिपालीने खरं ते सांगून टाकलं. लोकांना उंच गाडी लागते. निळीच्या मागच्या चाकांना मोटर होती. स्टेअरिंग जड होतं. सिस्टरांनी ते उभ्या उभ्याच डावी-उजवीकडे थोडं फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "हिला घाटात न्यायची. करंजीला."

"आमची चक्कर बायपासपर्यंतच असते, मॅडम."

"सरळ रस्त्यावर गाडी कळत नाही. माणूसही कळत नाही."

दिपालीने आत जाऊन साहेबांना विचारलं. ती बरोबर जात असेल तर चालेल, असं ठरलं.

घाटाच्या माथ्यावरून उतार सुरू झाला तेव्हा दिपालीने दाराचा दांडा धरला. स्टेअरिंगच्या मागे दोन पट्ट्या होत्या. डावी ओढली की पाय उचलताच गाडी जास्त रोखून धरायची आणि त्या रोखण्यातून बॅटरीत वीज परत जायची. सिस्टरांनी ती दोनदा ओढली. पाय उचलला. गाडीने मान खाली घालून, न कुरकुरता, उतार धरून ठेवला. जीप दुसऱ्या गिअरमध्ये टाकून ब्रेकला पाय न लावता उतरायची, अगदी तशी. त्यांच्या खांद्यांतून काहीतरी सैल झालं. पुढचं वळण त्यांनी आधीच डोळ्यांनी घेतलं, मग हातांनी. आणि बाहेर पडताना पाय दाबला तसं पाठीमागून कुणी हलका हात लावावा तशी गाडी निघाली. चाकाखालचं डांबराचं ठिगळ हाताला कळलं. एक खड्डा कळला. वाळू कळली.

"मॅडम, तुम्ही आधी काय करायचात?" दिपालीने विचारलं.

"नर्स होते."

दिपालीने दांडा सोडला.

करंजीत चहा घेऊन त्या परत चढाला लागल्या. एक गोष्ट दाखवायची राहिलीय, म्हणत दिपालीने स्क्रीनवर बोट टेकवलं. समोरून ट्रक आला, सिस्टरांनी गाडी डावीकडे घेतली, चाक कडेच्या पांढऱ्या रेघेला लागलं आणि डाव्या बाजूने आवाज आला. टक, टक.

सिस्टरांच्या हातांनी स्टेअरिंग उजवीकडे ओढलं आणि तोंडातून निघून गेलं, "ऐकलं गं."



"मला काही म्हणालात, मॅडम?"

"नाही."

दिपालीने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि परत रस्त्याकडे बघू लागली. "रेघेचा तो इशारा बंद करता येतो," ती हळूच म्हणाली. "काही लोकांना त्रास होतो."

"राहू दे," सिस्टर म्हणाल्या.

शोरूममध्ये आल्यावर त्यांनी निळीच्या फॉर्मवर सही केली. दिपालीने पुढचा कागद काढला. गाडी द्यायच्या दिवशी फुलं लावतात, वरचं कापड ओढायचं असतं, फोटो असतो. "घरचे किती जण येणार? त्या हिशोबाने पेढे मागवते."

"एक."

जूनच्या शेवटी गाडी आली. फोटोत सिस्टर मोठी पुठ्ठ्याची किल्ली धरून उभ्या आहेत आणि शेजारी, फ्रेम फारच रिकामी दिसतेय म्हणून, दिपाली येऊन उभी राहिली आहे.

ऑगस्टमध्ये त्या पहाटे भंडारदऱ्याच्या जुन्या रस्त्याला निघाल्या. संगमनेर गेलं, अकोले गेलं. सपाटीला त्यांनी दोन वेळा पाय पूर्ण दाबला. "लई पळवा" म्हणणारी सीट बाजूला सरळ, रिकामी होती, पट्टा आपल्या जागी लटकत होता. राजूरच्या पुढे धुकं लागलं. आधी विरळ होतं. रस्त्याला आता पांढरी रेघ आली होती, चाक तिला लागलं की टक, टक व्हायचं. पहिल्यांदा सिस्टरांना बरं वाटलं. तिसऱ्या वेळी लक्षात आलं, हा ठोका चाक रेघेवर गेल्यावर पडतोय. आक्काबाईचा आधी पडायचा. नुसती रेघ बघणं आणि पुढे काय आहे ते बघणं, यांत जेवढं अंतर, तेवढंच या दोन ठोक्यांत होतं.

आणखी वर धुकं दाटलं आणि तो आवाजही थांबला. स्क्रीनवर एक पिवळी खूण आली. रेघ बघणाऱ्या कॅमेऱ्याला काही दिसत नव्हतं.

सिस्टरांनी गाडी उभी केली. परत फिरायलाही वळायला जागा हवी होती, आणि जागा दिसत नव्हती. डावी कड त्यांच्यापासून एका रिकाम्या सीटइतकी लांब होती. "अगं, आता तुझं वय..." जस्टिन म्हणाला होता ते आठवलं. 

मग त्यांनी डावी खिडकी पूर्ण खाली केली.

धुकं आत आलं, सीटवर थेंब पडू लागले. आणि त्याबरोबर पाण्याचा आवाज आला. रस्त्याच्या डाव्या कडेने पावसाच्या पाण्याचा चर वाहत होता. गाडी अगदी सावकाश पुढे सरकवली, तसा तो आवाज सरकला. डावीकडे गेलं की तो मोठा व्हायचा, मधे आलं की लहान. जीपच्या घरघरीत बावीस वर्षांत तो कधी ऐकू आला नव्हता. ही गाडी गप्प होती म्हणून कड बोलत होती. सिस्टर कानाने वळणं घेत वर चढल्या, एक, दोन, पाच, आणि दरडीखालचं ते जुनं वळणही.

शेवटच्या चढाला त्यांच्या मनात आलं, या गाडीत आक्काबाईला पत्रा वाजवावा लागला नसता. ती साधं बोलली असती तरी ऐकू आलं असतं. बावीस वर्षं दोघी शेजारी बसल्या आणि चालत्या गाडीत धड एक गोष्ट पूर्ण बोलून झाली नव्हती.

माथ्यावर पोचल्यावर त्यांनी गाडी बंद केली. बंद केल्याचा फरक कळलाच नाही, इतकी ती आधीपासून शांत होती.

त्यानंतर त्या अधूनमधून तिकडे जातात. नगरमध्येसुद्धा गाडी काढली की डावी खिडकी चार बोटं उघडी ठेवतात. एंजेलाबाई एकदा मागे बसल्या होत्या, म्हणाल्या, "अगं, एसी लावलाय ना? मग खिडकी कशाला?"

"सवय."

पावसाळ्यात परत आल्यावर त्या फडकं घेऊन डावी सीट पुसतात. पाठीपासून खालपर्यंत, नीट. त्यांची स्वतःची सीट कोरडीच असते.