शिवलेल्या पोत्यातून बाहेर आलेलं पुस्तक

समस्त वाचकांनी कृपया बसून घ्यावे. अत्यंत गंभीर निवेदन आहे : मधमाशीपालनाचे एक पुस्तक शिवलेल्या पोत्यातून बाहेर आले. दोनदा.

हसून झालं? आता सांगतो. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. भिंगारच्या एका लहानशा वाचनालयात सव्वीस वर्षं ग्रंथपाल आहे. इथं भूत असतं तर एव्हाना सभासद झालं असतं.

दहा वर्षांत कुणीच न नेलेली पुस्तकं काढायचं ठरलं. शुक्रवारी रद्दीचा टेम्पो येणार होता. शिपाई निवृत्त झालेला, त्यामुळे निवडणारा, उचलणारा आणि शिंकणारा मीच. त्यात निर्मलाताई आल्या — निवृत्त नर्स. त्यांचे वडील, अण्णा, कॅन्टोन्मेंटच्या मेसमध्ये स्वयंपाकी होते. तिथल्या दिवसांवर त्यांनी एक पातळ पुस्तक लिहून स्वतःच छापलं होतं. घरची प्रत वाळवीनं खाल्ली. उरलेली एकच, आमच्याकडे. नोंदवहीत नाव होतं, कपाटात पुस्तक नव्हतं.

सोमवारपासून शोधत होतो. काय काय निघालं म्हणून सांगू... विहिरीचं पाणी हेरण्यावरचं, गाढवांच्या दुखण्यांवरचं, पोस्टमनच्या सायकलीनं सांगितलेली एक कादंबरी! ती मी उभ्या उभ्या वाचून काढली आणि गुडघे कामातून गेले. अण्णा मात्र कुठंच नाहीत.

बुधवारी दुपारी वाचनालय बंद करताना ते मधमाशीपालन पोत्यात टाकलं, दाभणानं तोंड शिवलं, कुलूप लावून जेवायला गेलो. चारला येतो तर पुस्तक टेबलावर. पोतं शिवलेलंच. म्हटलं, थकलोय, टाकायचं राहिलं असेल. टाके उसवून पुन्हा टाकलं, पुन्हा शिवलं.

गुरुवारी दुपारी निर्मलाताईंसमोर कुलूप उघडलं. पुस्तक टेबलावर. टाके जसेच्या तसे. किल्ली एकच, माझ्या खिशात...

घाबरायलासुद्धा अंगात जोर लागतो हो. मी खुर्चीत बसलो आणि पहिल्यांदाच ते शेवटपर्यंत चाळलं. मधमाश्या संपल्या, पुढं वेगळाच कागद लागला. पूर्वी आमच्याकडे पातळ पुस्तकं एकटी टिकत नाहीत म्हणून बाईंडर ती जाड पुस्तकाच्या मागं जोडून बांधायचा. पुठ्ठ्यावर नाव पहिल्याचंच. दुसरं कशामागं बांधलंय याची नोंद ठेवायची ती ग्रंथपालानं — म्हणजे मीच. ठेवली नव्हती.

बांधणीचा उलगडा झाला. पोत्याचा आजतागायत नाही. उंदीर, मांजर, माझं वय... सगळं तपासून झालं.

मी मान खाली घालून पुस्तक पुढं केलं. निर्मलाताईंनी वडिलांच्या नावावर बोट ठेवलं, बराच वेळ काढलंच नाही. मग माझ्या धुळीनं माखलेल्या अवताराकडं पाहिलं आणि त्या पानालाच म्हणाल्या,

“अण्णा, सरळ सांगायचं की. ह्या बिचाऱ्याला चार दिवस कशाला राबवलं?”