वर्तुळावर काम करणारी माणसं

बँकेत काम करतो म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही. शाळेत शिकवतो म्हटलं तरी भागतं. पण "मी वर्तुळावर एक बिंदू फिरवते आणि तो कुठे जातो ते बघते" असं सांगितलं, की समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. तिथून किस्सा सुरू! आमच्या ग्रुपमध्ये माणसं फक्त तीन. गाइड बर्वे सर, उरणजवळच्या मोऱ्याचा इरफान आणि साताऱ्याहून पीएचडीसाठी नवी मुंबईत आलेली मी, शलाका. पण या तिघांचे किस्से इतके साचलेत की थिसिसपेक्षा तेच जाड होतील.

विषय अगदी थोडक्यात सांगते, घाबरू नका. बिंदू दर खेपेला सरासरी किती फिरतो, तो झाला रोटेशन नंबर. आणि सगळे बिंदू मिळून किती गोंधळ घालतात, त्याचं माप म्हणजे एन्ट्रॉपी. बस्स. एवढ्यावर मी सात वर्षं काढली.

* * *

सरांचं पहिलंच जाहीर व्याख्यान होतं. विषय, "एन्ट्रॉपी : सर्कल मॅप्स". ऑफिसातल्या जोशीबाईंना सरांनी नोटिशीचा मजकूर फोनवर सांगितला. आमच्या व्याख्यानांना एरवी पाच माणसं येतात, त्यातले तीन आम्हीच.

त्या दिवशी हॉल फुल्ल! मागे लोक उभे. पहिल्या रांगेत तर शेजारच्या सोसायटीतलं अख्खं ज्येष्ठ नागरिक मंडळ. सर इतके भारावले, की पहिली दहा मिनिटं त्यांनी नुसतं बालपण सांगितलं.

मी हळूच बाहेर जाऊन नोटीस बघितली. जोशीबाईंनी टाइप केलं होतं, "एन्ट्री फ्री : सर्कल मॅप्स".

व्याख्यान संपल्यावर एका आजोबांनी हात वर केला. सर खुलले, "विचारा, विचारा!"

"मॅप कधी वाटणार?"

* * *

मग सरांनी ठरवलं, लोकांना प्रत्यक्ष दाखवायचं. ते राहतात त्या सेक्टरच्या बागेत गोल जॉगिंग ट्रॅक आहे. सर रोज संध्याकाळी मोजून हजार पावलं चालायचे. जिथे थांबतील तिथे खडूने फुली मारून आकडा लिहायचे. दुसऱ्या दिवशी त्याच फुलीपासून पुन्हा हजार पावलं. सरांचं म्हणणं असं, की हजार पावलांचा आणि ट्रॅकच्या लांबीचा मेळ कधीच बसत नसेल, तर फुलीवर फुली कधीच पडणार नाही. पण हळूहळू ट्रॅकवर मोकळी जागाही उरणार नाही.

महिनाभरात ट्रॅक फुल्यांनी भरला. सर खूश. बाकीचा सेक्टर टेन्शनमध्ये! कुणीतरी ठामपणे सांगितलं, "पाइपलाइन टाकणार आहेत. हे खोदायचे पॉइंट." झालं. लगेच निषेधाचा अर्ज तयार झाला. "ट्रॅक खोदू नये आणि मार्किंग करणाऱ्या इसमावर कडक कारवाई व्हावी."

अर्ज घेऊन दोघं बागेत फिरत होते. सर तेव्हा एकोणतिसावी फुली मारून नुकतेच उठले होते. त्यांनी हातावरचा खडू झटकला, अर्ज पूर्ण वाचला आणि म्हणाले, "बरोबर आहे. ट्रॅक खोदणं म्हणजे अन्यायच!"

आणि सही ठोकली. वर सौ. बर्वेंची पण करून दिली!

* * *

इरफान स्थळं बघत होता तेव्हाची गोष्ट. मुलगी पनवेलची, शिकलेली, इरफानला फोटोतच पसंत. अम्मीने बजावलं होतं, "गणिताचं काही बोलू नको. नोकरीचं विचारलं तर थोडक्यात सांग."

मुलीचे अब्बा समोर बसलेले. "काय करता तुम्ही?"

इरफानने थोडक्यात सांगितलं, "रोटेशनवर आहे."

अब्बांचा चेहरा पडला. "म्हणजे शिफ्ट ड्यूटी? आमचा मोठा जावई पण कॉल सेंटरला रोटेशनवरच आहे. तो घरी असतो तेव्हा झोपलेला असतो."

"नाही नाही चाचा, शिफ्ट नाही. माझं काम फक्त रोटेशन नंबरवर. तो काढला की झालं."

अब्बांनी थोडा विचार केला. मग शांतपणे उठले, इरफानच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बेटा, काळजी करू नका. नंबर लागला की कळवा."

पाचव्या दिवशी मुलीचाच मेसेज आला. "लागला का नंबर?" आता दोघांना एक मुलगी आहे.

* * *

मी तेव्हा घणसोली गावात हिराबाई मावशींकडे भाड्याने राहायची. गल्ली इतकी चिंचोळी, की समोरच्या घरात कढी उकळली तर वास आधी मला यायचा. खोलीच्या भिंतीवर मी माझ्या आकृत्या चिकटवल्या होत्या. मोठी वर्तुळं, त्यावर ठिपके, ठिपक्यांना जोडणारे बाण. तिसऱ्या प्रकरणाचा सगळा जीव त्या आकृत्यांमध्ये होता. थिसिस दोन आठवड्यांत द्यायचा होता आणि झोप उडाली होती.

मावशी एकदा चहा द्यायला आल्या आणि भिंतीपुढे उभ्याच राहिल्या. "गो शलाका, लय बेस नक्षी हाय. मी काडली तं चालंल ना?"

मी स्क्रीनवरून डोकं न काढता म्हटलं, "काढा की मावशी."

दिवाळीच्या सकाळी इरफान फराळाला आला. दारात आला तो पांढराफटक.

"काय झालं रे?"

"बाहेर ये आधी."

बाहेर बघते तर मावशींच्या दारात माझं तिसरं प्रकरण, रांगोळीत! गुलाबी ठिपके, हिरवे बाण. शेजारच्या दारात तेच. समोर तेच. गल्लीच्या टोकापर्यंत प्रत्येक उंबऱ्यावर तेच! बायका येऊन एकमेकींचे बाण तपासत होत्या.

मी रडायच्या बेतात होते, कौतुकानं की कशानं, देव जाणे. इरफान मात्र गंभीर होता. "शलाका, आता प्लेजरिझम चेकमध्ये काय दाखवणार?"

* * *

डॉक्टरेट मिळाली तेव्हा मी नेरूळच्या एका सोसायटीत राहायला आले होते. सेक्रेटरींनी ग्रुपवर टाकलं, "बी-विंगच्या शलाकाताईंना रोटेशन या विषयात डॉक्टरेट. अभिनंदन!" अर्ध्या तासात तळमजल्यावरचे सावंतकाका भिंतीला धरून धरून दारात.

"डॉक्टर, मला चक्कर येते. सगळं गोल फिरतं."

"काका, मी गणितातली डॉक्टर आहे हो!"

"म्हणून तर आलो! खऱ्या डॉक्टरांनी विचारलंय, दिवसाला सरासरी किती वेळा फिरतं? ते तेवढं काढून द्या."

मी वही घेऊन बसले. काकांकडून आठ दिवसांच्या नोंदी घेतल्या. उत्तर आलं, सव्वातीन.

सात वर्षांच्या संशोधनाचा आजवर कुणाला झालेला हा एकमेव उपयोग!

* * *

आता डॉक्टरेटच्या आधीच्या माझ्या व्हायवाची, म्हणजे तोंडी परीक्षेची गोष्ट. परीक्षा घ्यायला एक्स्टर्नल मॅडम पुण्याहून स्वतः गाडी चालवत येणार होत्या. मॅडमचा दरारा असा, की त्यांच्या एका प्रश्नावर उमेदवार भोवळ येऊन पडल्याची वदंता होती. अकराची वेळ. सव्वाअकराला सरांना त्यांचा फोन.

"मी कळंबोली सर्कलला आहे. समोर सळयांचा ट्रेलर आहे, त्यामुळे बोर्डच दिसत नाहीये. तिसरी चक्कर!"

सर काही सांगेपर्यंत फोन कट.

बाराला मॅडम आल्या. मागोमाग एक मिशाळ गृहस्थ, खांद्यावर गमछा. "हे दत्ताभाऊ," मॅडम म्हणाल्या. "ट्रेलर यांचाच. शेवटी मी यांनाच थांबवून पत्ता विचारला. इकडेच माल टाकायला येत होते, पुढे राहून मला इथपर्यंत आणलं. चहा घेऊन जातील."

ओपन व्हायवा, म्हणजे कुणीही बसू शकतं. दत्ताभाऊ कप घेऊन शेवटच्या बाकावर बसले.

मॅडमनी पहिलाच प्रश्न टाकला, "वर्तुळावरच्या बिंदूंनी एकमेकांना ओव्हरटेक करायचं नाही, असा नियम घातला तर एन्ट्रॉपी शून्य येते. सिद्धता नको. साध्या भाषेत सांगा, गोंधळ का होत नाही?"

इतकं सोपं! आणि माझं डोकं कोरं. पाटी पुसावी तसं. मी सरांकडे बघितलं, सर पंख्याकडे बघत होते. इरफानने डोळे मिटले.

मागून आवाज आला, "मॅडम, ओव्हरटेकच न्हाई म्हटल्यावर गोंधळ कशाचा? कोन कुनाच्या मागं, ते आदीच ठरल्यालं. पुढं बी तसंच ऱ्हानार."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. काहीतरी लिहून घेतलं.

दत्ताभाऊ कप खाली ठेवून उठले. "मॅडम, मी निगू का? सळया उतरवायच्यात."

"हो, हो, तुमचं झालं," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही जा. यांचं अजून बाकी आहे."