डाव्या गुडघ्याची बातमी

एका धडधाकट पोराचा गुडघा मी नुसत्या तोंडानं मोडला. तोही भर मंगल कार्यालयात, हातात चहाची कपबशी धरून, आणि आपण किती हुशार आहोत या आनंदात. तेव्हा मी साठीला टेकले होते, म्हणजे आजच्या मानानं कोवळीच. त्या वयात मी स्वतःला जितकी शहाणी समजत होते तितकं मला आधी कुणी समजलं नव्हतं, नंतर तर प्रश्नच नाही.

गोष्ट कबड्डीच्या लिलावाची आहे. आमच्या जिल्ह्यात कबड्डीची लीग भरते. तालुक्यांचे, मोठ्या गावांचे संघ असतात आणि प्रत्येक संघाला एक मालक. पाथरीचा संघ एका जेसीबीवाल्याचा, जिंतूरचा कापसाच्या जिनिंगवाल्याचा, आणि आमच्या बोरीचा मालक खताबियाण्यांचा दुकानदार. दिवाळीच्या आधी ही मंडळी मंगल कार्यालयात जमतात. खेळाडू दाराशी थांबलेले असतात, नाव पुकारलं की एकेक पुढं येऊन उभा राहतो आणि मालक हात वर करून बोली लावतात. आडतीवर सोयाबीनचा सौदा होतो तसंच सगळं, फक्त ढिगाच्या जागी कुणाचं तरी पोरगं.

मला या खेळाचा शौक लहानपणापासून. लग्नाआधी हुतुतू खेळत होते. सासरी खेळ बंद झाला, तोंड चालू राहिलं. मैदानावर पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची माझीच, आणि पंचांना माझा आवाज ओळखीचा. मालक लोकांबद्दल माझी मतं तेव्हाही पक्की होती, आजही आहेत. त्यांना खेळातलं काही कळत नाही. चढाईला जाणाऱ्यानं मांडीवर जोरात थाप मारली की यांची बोली वाढते. कोपऱ्यात गुपचूप उभं राहून घोटा धरणारा, सामना काढून देणारा गडी यांना दिसतच नाही. एका वर्षी आमचा असाच पक्का कोपरा जिंतूरला दिला आणि त्यांच्याकडचे दोन राखीव आणून बसवले. का, तर दोन्ही मालक साडू. साडूकडं रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून आमचा कोपरा भेट दिला. त्याच्या पुढच्या वर्षी आम्हीच घात केला. गावच्या एका चांगल्या खेळाडूचं आम्ही चहाच्या टपरीपासून देवळापर्यंत इतकं कौतुक केलं, की पाथरीवाल्यानं ते ऐकून त्याला आमच्या नाकावर टिच्चून उचललं.

म्हणून त्या वर्षी मी ठरवलं की आता आपणच लक्ष घालायचं.

आमच्या मागच्या गल्लीत एक पोरगा होता. चढाईला गेला की सापासारखा वळायचा, डावा पाय लांब टाकून समोरच्याला शिवून परत. त्याचं घरदार दरवर्षी ऊसतोडीला जायचं, तोही जायचा. त्या पावसाळ्यात मात्र त्यानं देवळामागच्या मैदानावर रोज सराव केला. लिलावात आपल्याला कुणी घेतलं तर यंदा गाव सोडायचं नाही, इथं राहून खेळायचं आणि पोलीस भरतीची तयारी करायची, असं त्यानं घरी सांगून ठेवलं होतं. त्याची आई मला म्हणाली होती, टोळीच्या मुकादमाला अजून होकार दिला नाही, लिलावाची वाट बघायलोत.

आता माझी अक्कल ऐका. माझे वडील बैलबाजारातले मुरलेले गिऱ्हाईक. लहानपणी मला सोबत न्यायचे. जो बैल घ्यायचा त्याच्याकडं आधी तोंड वाकडं करून बघायचं, चारचौघांत त्याची खोड काढायची, औताला बसतो म्हणायचं. दुसरी गिऱ्हाइकं बिचकतात आणि बैल आपल्याला सुटतो. सोबतच्या माणसालाही यातलं काही सांगायचं नाही, त्याचा चेहरा फितूर होतो. ही विद्या मला चांगली येत होती. पोरगा बोरीलाच राहावा म्हणून ती मी मंगल कार्यालयात वापरायला काढली.

चहाच्या वेळी जेसीबीवाल्याच्या बायकोशेजारी जाऊन बसले. साडीचं, पावसाचं बोलून झाल्यावर त्या पोराचा विषय काढला आणि सुस्कारा टाकून म्हणाले, पोरगं गुणाचं आहे हो, पण डाव्या गुडघ्याचं काही खरं नाही, देवळाच्या पायऱ्या चढताना मध्येच बसला होता परवा. सगळं मनचं. पायरीवर बसणं तर फारच छान सुचलं असं तेव्हा वाटलं होतं. दुसरा चहा येईपर्यंत गुडघ्याची बातमी सगळ्या खुर्च्या फिरून आली.

त्याचं नाव पुकारलं. तो इस्त्रीचा टी-शर्ट घालून पुढं आला. पाथरीवाला गप्प, जिंतूरवाला गप्प. मी मनात म्हटलं, जमलं. मग आमच्या मालकाकडं बघितलं, तर तोही मांडीवर हात ठेवून बसलेला. बातमी त्याच्याही खुर्चीवरून गेली होती, आणि ती खोटी आहे हे सांगायचं मी वडिलांची शिकवण म्हणून टाळलं होतं. मी बायकांतून हातवारे करायला लागले, घे, घे. त्याला वाटलं, मी नको म्हणते आहे. त्यानं समजल्यासारखी मान हलवली. माइकवाला म्हणाला, काकू, तुमची बोली धरू का, आणि सगळं कार्यालय हसलं. पोरगाही हसला. मग त्याचं नाव बाजूला ठेवलं आणि पुढचं पुकारलं.

मी तशीच उठून मालकाकडं गेले. कानाशी लागून सांगितलं की गुडघा ठणठणीत आहे, मीच खोटं बोलले, उरलेल्यांची नावं पुन्हा निघतील तेव्हा याला घे. तो माझ्याकडं कणव आल्यासारखा बघत राहिला.

"काकू, तुमाला आता त्याची दया यायलीय म्हणून तुमी असं म्हनायल्या. मोडका गडी घेऊन मी काय करू?"

शपथ घातली, तरी पटलं नाही. खोटं एका दमात खपलं होतं, खऱ्याला मात्र गिऱ्हाईक मिळेना. पुन्हा नावं निघाली तेव्हाही कुणाचा हात वर गेला नाही.

दिवाळीचा पाडवा झाला आणि ऊसतोडीची टोळी निघाली. ट्रॅक्टर आमच्या दारावरून गेला. वर पत्रे, भांडी, गोधड्यांचे गठ्ठे, आणि एका गठ्ठ्यावर तो. मला बघून त्यानं हात केला. मी दूध उतू चाललंय असं काहीतरी पुटपुटत आत पळाले. चुलीवर काहीच नव्हतं. साठ वर्षांची बाई एका पोराला तोंड दाखवायला भिऊन स्वयंपाकघरात उभी होती. आज ते आठवलं की हसू येतं, पण ते पुरतं येत नाही.

त्या थंडीत लीग झाली. मी एकाच सामन्याला गेले. आमचे गडी चढाईला जायचे आणि मध्यरेषेजवळूनच परत यायचे. शेजारच्या बाईनं विचारलं, घसा बसलाय का तुमचा. मी हो म्हटलं. बैलाबद्दल काहीही बोला, त्याला कळत नाही, तो वैरण खात उभा असतो. हे मला सत्तर वेळा बाजार बघूनही सुचलं नव्हतं, ते त्या खुर्चीवर बसल्या बसल्या सुचलं.

उन्हाळ्याच्या तोंडाला टोळी परत आली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी देवळामागच्या मैदानावर गेले. तो पोरांबरोबर खेळत होता. रंग काळवंडला होता, हातांवर उसाच्या पाचटानं कापल्याच्या रेघा. मी कडेच्या दगडावर बसून त्याची एक चढाई बघितली. वळणं तीच होती. पण समोरच्याला शिवायची वेळ आली तेव्हा तो क्षणभर थांबला, आणि तेवढ्यात त्याला धरलं.

तो बाहेर आल्यावर मी त्याला जवळ बोलावलं. फिरवून न बोलता सगळं सांगितलं. बैलबाजार, चहा, पायऱ्या, तू इथंच राहावास म्हणून केलं, सगळं. तो टॉवेलनं मान पुसत ऐकत होता. मला वाटलं चिडेल, आणि चिडला असता तर बरं झालं असतं. तो माझ्या शेजारी दगडावर बसला, डावा पाय लांब करून त्याच्याकडं बघत राहिला आणि म्हणाला,

"आजी, चहाच्या टायमाला तुमी बोललात ते मी तवाच दारातून ऐकलं होतं. गुडघ्याला काई झालेलं न्हाई, ऊस तोडून पण न्हाई. फक्त पाय टाकायच्या आधी आता मी त्याला इचारायलोय."