पोलादी मावशीचा मास्क

टीबीच्या वॉर्डात तिला सगळे 'पोलादी मावशी' म्हणत. बेडक्यांच्या डब्या उचलायला, खोकणाऱ्यांची कूस बदलायला बाकीच्या कामवाल्या नाकं मुरडत. ही मात्र तोंडाला काही न बांधता बावीस वर्षं तेच करत होती. नवरा टीबीने गेला, वर्षभराने दीर गेला. दोघांचं सगळं हिने केलं आणि हिच्या केसालाही धक्का लागला नाही. शेवटी संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिचं रक्त तपासून सांगितलं, "तुमच्या जनुकांतच काहीतरी वेगळं आहे. हा जंतू तुमच्यात घर करू शकत नाही."

झालं. मावशीने ते गल्लीभर केलं. घरी बसलेल्या लेकीला स्वतःच्याच वॉर्डात कामाला लावलं. सिस्टरने पोरीला मास्क दिला तर ही म्हणाली, "तुमचा तुम्हाला ठेवा. माझीच पोर आहे ती." पोर आईच्या शब्दाबाहेर कधी नव्हतीच. मास्कची घडी घालून तिने तो खणात टाकला.

दोन वर्षांत पोर खोकू लागली. मावशीने तेही हसण्यावारी नेलं, फिनेलच्या वासाने होतं म्हणाली. तपासणी होईपर्यंत तीन महिने हातचे गेले होते, आणि जंतू असा निघाला की नेहमीच्या गोळ्यांना दाद देईना.

डॉक्टरीणबाईंनी मग उरलेलं सांगितलं. आधीच सांगितलं असतं तर त्यांची जीभ काही झिजली नसती. ते वेगळेपण आई-बाप दोघांकडून आलं तरच कामाचं. पोरीला आईचं तेवढं मिळालं होतं. बापाकडून ते आलंच नव्हतं; तो तर स्वतःच टीबीने गेला.

"माझं रक्त चढवा हिला," मावशी म्हणाली. "लागेल तेवढं घ्या."

"रक्ताने नाही होत ते, मावशी."

आता ती वॉर्डात येते ती खणातला तोच मास्क बांधून. घडीची रेघ अजून मोडलेली नाही. ज्या कॉटची चादर पोर बदलायची, त्याच कॉटवर पोर पडून आहे. डॉक्टरांनी हात टेकलेत.

काल पोर म्हणाली, "आई, काढ ना ते. तुला काय होणार आहे? तुझं तोंड तरी दिसू दे."

मावशीने मास्क काढला. पोरीच्या तोंडाशी तोंड नेऊन ती दिवसभर बसून राहिली. तिला काहीच झालं नाही.