शहापूरचं आरमार

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. चार माणसं रोज एका जागी कामाला बसली की ते आपोआप साचतात, रंध्याखालच्या ढलप्यांसारखे. संध्याकाळी झाडून काढा, दुसऱ्या दिवशी पुन्हा घोट्यापर्यंत. आमच्याकडे ते जरा जास्तच साचले, कारण आमचं कामच लोकांना हसण्यासारखं वाटायचं. शहापुरात बसून आम्ही जहाजं बांधत होतो.

शहापूर कुठं आणि समुद्र कुठं! निम्म्या गावानं तो पाहिलेलाही नव्हता. स्टेशनच्या रस्त्यावर धर्मा मिस्त्रीची शेड होती. बैलगाड्यांची चाकं, नांगर, दारं-खिडक्या हे त्याचं पोटाचं काम. शेजारी माझं शिवणाचं मशीन. तिसरा गणपत तांडेल. हा मूळचा किनाऱ्यावरचा. सगळी उमर मचव्याच्या सुकाणूवर गेली, गुडघा गेला तेव्हा लेकीकडे शहापूरला येऊन राहिला. आणि चौथी मिस्त्रीची बायको सगुणा. तिला आम्ही कधी बोलावलं नाही, पण तिच्यावाचून एकही जहाज पुरं झालं नाही.

*

सुरुवात झाली ती जंगलखात्याच्या बंगल्यावर. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट. तिथल्या गोऱ्या साहेबाकडे काचेच्या पेटीत विलायती जहाज होतं, हातभर लांबीचं. सामान हलवताना त्याची डोलकाठी मोडली, म्हणून मिस्त्रीला बोलावणं आलं. मिस्त्रीनं व्हरांड्यात बसून ती अशी सांधली की जोड दिसेना.

साहेब खूश झाला. कारकुनाच्या तोंडून त्यानं मिस्त्रीला सांगितलं, की असली जहाजं बांधणं फक्त त्यांच्याच लोकांना जमलं. तुमच्या लोकांकडे मासे मारायच्या होड्या होत्या, बस.

मिस्त्री शेडवर परत आला आणि तांडेलाला विचारलं, "आपल्याकडं लढाईची जहाजं होती का नव्हती? खरं काय ते सांग. उगा माझं मन राखू नको."

तांडेलानं चुलीतला विझका कोळसा घेतला आणि शेडच्या भिंतीवर गुराब काढली. गुराब म्हणजे मराठी आरमारातलं मोठं लढाऊ जहाज. पुढं लांब निघालेली नाळ, तिच्यामागं तोफा, दोन डोलकाठ्या. आजाकडून त्यानं ते सारं ऐकलं होतं, आणि तरुणपणी एका खाडीच्या चिखलात तसल्या जहाजाचा सांगाडाही पाहिला होता. बोलता बोलता तो काढत गेला आणि अख्खी भिंत भरली.

दिवाळीला सगुणा चुना घेऊन आली. मिस्त्री भिंतीसमोर उभा राहिला. त्या वर्षी घर, शेड सगळं पांढरं झालं आणि ती एक भिंत काळी राहिली.

*

माप ठरलं सोपं. खऱ्या जहाजाच्या एका हाताला आपलं एक बोट. चोवीस बोटांचा एक हात, म्हणजे साठ हातांची गुराब आमच्याकडे अडीच हात लांब होणार होती. लाकूड सागाचंच पाहिजे, यावर तांडेल अडून बसला. पण आमच्याकडे साग म्हणजे सरकारचा. जंगलातून फांदी आणली तरी केस.

सांगाडा उभा राहिला तशी बातमी गेली आणि एक फॉरेस्ट गार्ड शेडवर आला. साग कुठून आणला म्हणून तो मिस्त्रीच्या मागंच लागला. मिस्त्री म्हणाला, चला दाखवतो. गार्ड त्याच्यामागं घरी गेला. बघतो तर चौकट आहे आणि दार नाही! पौषातली थंडी, आणि चौकटीला घोंगडं लटकवलेलं.

गार्ड सगुणेला म्हणाला, बाई, असं उघडं घर टाकता, चोर आला तर काय कराल?

सगुणा म्हणाली, "चोरानं न्यावं असं एकच लाकूड होतं आमच्यात. ते तुमी आत्ता शेडवर बघून आलात."

*

सगुणेचाच आणखी एक. जहाजाला दोऱ्या लागतात, आणि त्या मापात बसतील इतक्या बारीक पाहिजेत. सगुणेनं अंबाडीचा वाख घेऊन आपणहून वळायला सुरुवात केली. तांडेलानं तिला थांबवलं. त्याच्या गावाकडे जहाजाच्या दोरीला बाईनं हात लावायचा नाही अशी रीत. त्यानं ते चांगल्या शब्दांत सांगितलं, तरी सांगितलंच.

सगुणेनं वाख त्याच्या मांडीवर ठेवला. "मग वळा तुमी," म्हणाली आणि निघून गेली.

तांडेल दोन दिवस वळत बसला. त्याच्या हातांना मचव्याच्या दोरांची सवय. दोरी झाली ती बैल बांधावा एवढी. मिस्त्री हसला नाही, मी हसलो. तिसऱ्या दिवशी तांडेल लंगडत मिस्त्रीच्या घरी गेला, वाख चौकटीत ठेवला आणि म्हणाला, "बाय, रीत मी बदलली. तू दोरी बदल."

*

पाटलांना मात्र हे सगळं पसंत नव्हतं. पेरणीच्या तोंडावर नांगर पडून राहतात आणि मिस्त्री खेळणी करत बसतो, असं ते चावडीवर म्हणाले. खरं तर एकही नांगर राहिला नव्हता. मग एक दिवस स्वतः शेडवर आले, गुराब बघितली आणि नातवासाठी असलंच एक खेळणं करून दे म्हणाले.

मिस्त्रीनं आठ दिवसांत एक सुरेख बैलगाडी करून वाड्यावर पाठवली. चाकं फिरत होती, बैलांच्या माना हलत होत्या. पाटलांनी निरोप धाडला, की मी जहाज मागितलं होतं.

मिस्त्रीचा उलटा निरोप गेला, "तुमी खेळणं मागितलंत, खेळणं दिलं. जहाज मागा, मग बघू."

पाटील वर्षभर आमच्याशी बोलले नाहीत. पोरगं मात्र गाडी घेऊन रोज गावभर.

*

शिडं माझ्याकडे होती. तोवर लढाई सुरू होऊन कापड महाग झालं होतं. माझा मेहुणा म्हणाला, माणसांना धडुतं मिळेना आणि तू लाकडाला कपडे शिवतोस. मी लग्नातलं उपरणं काढलं आणि त्याच्यासमोरच कातर चालवली.

पण तांडेलाला शिडं पसंत पडेनात. बोटांत धरून म्हणाला, "नामा, हे शीड नाय. हा पडदा हाय."

मला राग आला. शिंप्याला असं कुणी बोलत नाही. मग त्यानं समजावलं, की शिडाला पोट पाहिजे. वारा आत शिरला की ते फुगलं पाहिजे. सपाट कापड नुसतं फडफडतं. मी सगळं उसवलं आणि पट्ट्या तिरक्या कापून पुन्हा शिवलं. तांडेलानं शीड तोंडासमोर धरून फुंकर मारली. ते गर्भारणीसारखं फुगलं. तो उठून डोलकाठीला बांधायला लागला. माझी मजुरी त्यात पोचली.

*

जहाज झालं की पाण्यात घालायला हवं. आम्ही बैलगाडीतून तानसाच्या तलावावर गेलो. बांधावर पहारेकरी होता. हे पाणी मुंबईला जातं, यात कुणी उतरायचं नाही, हात धुवायचा नाही, असं त्यानं लांबूनच ओरडून सांगितलं. तो येईपर्यंत तांडेलानं गुराब काठावरून सोडून दिली होती.

पहारेकरी तापला. हे पाणी मुंबईचं आहे, म्हणाला.

तांडेल शांतपणे म्हणाला, "बरंच झालं की. म्हणजे समुद्राकडंच चाललंय."

मिस्त्रीनं वर सांगितलं, की आमी कुठं उतरलोय, जहाज उतरलंय. एवढ्यात वारा भरला आणि गुराब एका कुशीवर कलली, सावरली आणि भर तलावात निघाली. आता पंचाईत पहारेकऱ्याची. जहाज बाहेर काढा म्हणावं तर कुणीतरी पाण्यात उतरायला हवं, आणि उतरू द्यायचं नाही हीच तर त्याची ऑर्डर. तो आमच्याशेजारी बसून राहिला.

दुपार कलली, वारा फिरला. तेव्हा सगळ्यांत आधी उठून उभा राहिला तो पहारेकरी. "वळली रे, वळली!" म्हणून तोच काठानं पळत सुटला.

*

म्हशाच्या जत्रेला आम्ही गुराब मुरबाडमार्गे गाडीतून नेली, गोधडीत गुंडाळून. बैलबाजार आणि घोंगड्यांची दुकानं यांच्यामध्ये एक पाल ठोकलं आणि आत जहाज मांडलं. वैशाखऱ्याकडचा एक शेतकरी चारी बाजूंनी फिरला, वाकून खाली बघितलं आणि बैल कुठं जुंपायचे ते विचारलं. मिस्त्रीनं सांगितलं, की याला वारा जुंपतात. शेतकऱ्यानं विचार केला आणि म्हणाला, "चांगलं हाय. वाऱ्याला वैरण नाय लागत."

गर्दीत एक मुंबईला राहणारा गृहस्थ होता, पायात बूट, हातात छडी. तो मोठ्यानं म्हणाला, डोंगरातल्या माणसांनी डोंगराची कामं करावीत, जहाजाशी यांचा काय संबंध. लोक मिस्त्रीकडं बघू लागले. मिस्त्रीच्या हातात पटाशी होती आणि मला भीती वाटली.

पण बोलला तांडेल, सगळा जन्म समुद्रावर काढलेला. म्हणाला, "शेट, डोंगरानं लाकूड दिलं नसतं तर समुद्रावर काय तरंगलं असतं? तुमची छडी?"

*

आता शेवटचा. बेचाळीस सालचा हिवाळा. पुढाऱ्यांची धरपकड झालेली, गावोगाव पोलीस. अशात लढाईच्या मदतीसाठी तालुक्याचं सरकारी प्रदर्शन शहापुरात भरायचं ठरलं आणि मामलेदारांनी मिस्त्रीला गुराब मांडायला सांगितलं. बक्षीस द्यायला गोरा साहेब येणार होता. अट एकच, जहाजावर युनियन जॅक लावायचा.

मिस्त्री म्हणाला, "रावसाहेब, हे जहाज ज्या काळातलं हाय, त्या काळी तो झेंडा समोरच्या जहाजावर असायचा."

मामलेदार चिडले. झेंडा लागलाच पाहिजे, नाहीतर तुझं काय होईल ते तू बघ, म्हणाले. मिस्त्री घरी येऊन दुसरं जहाज बांधायला बसला. विलायती, तीन डोलकाठ्यांचं. मला म्हणाला, झेंडा शीव. मी विचारलं, मी शिवू हा? तो म्हणाला, "नीट शीव. एक रेघ वाकडी आली तर म्हणतील अपमान केला."

प्रदर्शनाच्या दिवशी साहेबासमोर टेबलावरचं कापड ओढलं. निळ्या फळीवर आमची गुराब, शिडं भरलेली, भगवी पताका ताठ. आणि समोर विलायती जहाज. मधली डोलकाठी कमरेत मोडून बाजूला लोंबलेली, शिडांच्या चिंध्या. त्या मोडक्या डोलकाठीच्या शेंड्याला युनियन जॅक, एकही रेघ वाकडी नाही, टोक निळ्या पाण्याला टेकलेलं.

साहेब पाठ फिरवून निघून गेला. फौजदारानं दोन्ही जहाजं उचलली आणि मिस्त्रीला, तांडेलाला, मला चावडीवर नेऊन बसवलं. राजद्रोह आहे, खडी फोडायला जाल, असं दिवसभर ऐकवलं. मी घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू. सगुणा भाकऱ्या घेऊन आली आणि तिनं फौजदाराला सरळ विचारलं, की आज सोडणार का उद्याचंही पीठ मळून ठेवू.

आम्हाला दुसऱ्या दिवशी सोडलं, गुराबही परत मिळाली. पण सांगायचं ते आदल्या संध्याकाळचं. निरोप आला, की वरचा साहेब सकाळी चावडीच्या इन्स्पेक्शनला येतोय. फौजदाराची नजर टेबलावर ठेवलेल्या विलायती जहाजाकडं गेली. बादशहाचा झेंडा मोडक्या काठीला लोंबतोय, आणि तोही त्याच्याच चावडीत. वर झेंडा, म्हणून जहाज फोडता येईना, फेकता येईना. तो मिस्त्रीला म्हणाला, एवढी डोलकाठी उभी कर, आत्ता घरी जा.

मिस्त्री जागचा हलला नाही. "ती लढाईत मोडलीय, साहेब. माझ्या हातानं नाय उभी राहायची."

फौजदार माझ्याकडे वळला, की मग तू झेंडा काढ, तूच शिवलास. कुठून धीर आला कोण जाणे, मी म्हणालो, "शिवलेला माल आमी परत घेत नाय."

तांडेलाकडं बघितलं, तर त्यानं नुसता आपल्या गेलेल्या गुडघ्यावर हात ठेवला. फौजदारानं हवालदाराला हुकूम केला. हवालदार ताठ उभा राहून म्हणाला, की साहेब, मी सरकारी नोकर, तो झेंडा मी खाली कसा काढू?

चावडीच्या अंगणात तोवर निम्मं गाव जमलं होतं. फौजदारानं टोपी काढून ठेवली, वाकला आणि सगुणेच्या बारीक दोरीची गाठ नखानं सोडवू लागला. बराच वेळ लागला. शेवटी झेंडा सुटला आणि त्याच्या हातात आला.

मिस्त्रीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "नामा, नीट बघून ठेव. पुढं कुणी विचारलं, शहापुरात हा झेंडा पयला कोणी उतरवला, तर नाव बरोबर सांगता आलं पायजे."