रिकाम्या खोक्यांची भिंत

वहिनींच्या हाताला एक शाप होता. त्यांनी सामान लावलं की जागा उरायची.

छापखान्याच्या बांधणी विभागात त्यांचं आयुष्य गेलेलं. छापील पानांचे घडी घातलेले फर्मे जुळवायचे, शिवायचे, वर पुठ्ठा चढवायचा. कडेला कड भिडवायची सवय तिथली. छापखाना बंद पडला, सवय राहिली. पुढे नवऱ्याची नजर अधू झाली, गाडी विकली गेली आणि गॅरेज मोकळं झालं. ते पुरतं झाडून व्हायच्या आत धाकट्या दिराने जुना सोफा आणून टेकवला.

"महिनाभर फक्त, वहिनी."

सोफ्याच्या पाठोपाठ नणंदेचा पाळणा आला, गाद्या आल्या, कुणाची तरी सायकल आली. एका सकाळी वहिनींनी पदर खोचला. गाद्या पाळण्याच्या पोटात गेल्या, खुर्च्या एकात एक बसल्या, सायकल भिंतीवर चढली. दुपारी खिडकीखाली टेबलापुरती फरशी उघडी पडली आणि तिच्यावर गजांच्या सावल्या पडल्या. वहिनी बराच वेळ त्या सावल्यांकडे बघत उभ्या राहिल्या.

संध्याकाळी दीर डोकावला. "वा! तुम्ही तर काडेपेटीत हत्ती बसवाल!"

दुसऱ्या दिवशी त्याने हत्ती आणलाच: घरातल्या घरात चालायचं यंत्र, ज्यावर त्याच्या घरी टॉवेल वाळत असत.

अशातच वाचनालयाच्या बाईंनी विचारलं, "आमची फाटकी पुस्तकं बांधून द्याल का? पण जागा पक्की हवी हं. खळ ओली असताना कुणी हलवाहलव केली तर पुस्तकं वाकडी होतात."

हे वहिनींना कुणी सांगायला नकोच होतं. घरातलं टेबल दर जेवणाला रिकामं करावं लागे. उरलं गॅरेज.

"अहो, ती खिडकीजवळची जागा मला हवीय."

"घे की. तुला कोण नाही म्हणतंय?" नवरा म्हणाला. आणि भावाचा फोन आला की तोच म्हणायचा, "आण रे, तुझी वहिनी करेल काहीतरी." आयजीच्या जिवावर बायजी उदार. वहिनी जागा करत, ती भरे. पुन्हा करत, पुन्हा भरे.

शेवटी त्यांनी दिराला तोंडावर सांगितलं, "आता इथे काही ठेवायचं नाही."

तो खो खो हसला. "रागावता काय वहिनी! तुमच्या हाताला जागा सापडतेच."

त्याच आठवड्यात वहिनींनी वाण्याकडून रिकामी खोकी आणली. खिडकीच्या अलीकडे एकावर एक रचून थेट छतापर्यंत नेली. जन्मात पहिल्यांदा त्यांनी हवा लावून ठेवली होती. भिंतीवरच्या सायकलीखालून वाकून पलीकडे गेलं की टेबल, दाभण, खळीचं भांडं आणि वाचनालयाची पुस्तकं.

एका दुपारी शटर आतून ओढून घेऊन त्या पलीकडे शिवत बसल्या होत्या. शटर खडखडत वर गेलं.

"अरे बापरे!" दिराचा आवाज. "दादा, वहिनी हरल्या! पाय ठेवायला जागा नाही. मग ही माशांची काचेची पेटी कुठे ठेवू?"

"तिलाच विचार. कुठे गेलीय कोण जाणे."

"या खोक्यांवर ठेवतो."

काच पुठ्ठ्याला घासली. भिंत आतल्या बाजूला झुकली. वहिनींनी सुई दातांत धरली, दोन्ही तळवे खोक्यांवर टेकवले आणि सगळं अंग मागून रेटलं. त्यांच्या मनगटाजवळचं खोकं हळूहळू चेपत होतं.

"नको रे," नवरा म्हणाला. "तिचं काहीतरी असेल आत. ओरडेल मला."

"बरं, नेतो परत. आता परत नेली म्हणून घरी बोलणी खायची."

वजन उतरलं. शटर खाली आलं. बाहेरून कडी लागली.

वहिनींचे तळवे तसेच खोक्यांवर होते. एक हाक मारली तर कडी निघाली असती. भिंतही गेली असती. खिडकीला गज होते, फोन स्वयंपाकघरात होता.

थोड्या वेळाने घरातून नवऱ्याची हाक आली. "अगं, कुठे आहेस? चहा टाकतेस ना?"

मग पुन्हा, जरा मोठ्याने.

खिडकीतला उजेड टेबलाच्या कडेपर्यंत सरकला होता. वहिनींनी दातांतली सुई काढली, पुढचा फर्मा उचलला आणि शिवणीवर दाभण टेकवलं.